ओठ न मिटणारी भाषा

२०२५ च्या नवरात्रात आम्ही दोघे कॅनडात लेकीकडे होतो. टोरोंटोला लागून मिसिसागा नावाचे मोठे शहर आहे, तिथे तिचे बिऱ्हाड. आमच्या सौ.ने निघताना घटाचे सगळे साहित्य बॅगेत भरले होते. तिथे गेल्यावर कळले, की कोपऱ्यावरच्या वाण्याकडे सप्तधान्यापासून कापराच्या वडीपर्यंत सारे मिळते. अडले ते फक्त मातीपाशी. ती जावयांनी मागच्या अंगणातून खणून दिली, आणि परक्या मुलखाच्या त्या मातीत आमचे धान्य पाचव्या माळेला चांगले बोटभर वर आले. सौ.ला त्याचे कोण कौतुक!

सप्तमीच्या रात्री नात आजीपुढे येऊन उभी राहिली. वय वर्षे नऊ. मराठी तिला कळते सगळे, पण बोलते ती अडल्या वेळी, म्हणजे आजीकडून काही हवे असले म्हणजे.

“आजी, उद्या मला ऑरेंज शर्ट पाहिजे. शाळेत सगळे घालणार आहेत.”

सौ.चा चेहरा असा उजळला, की घटापुढची समई लाजावी. “पाहिलंत?” ती मला म्हणाली, “साता समुद्रांपलीकडे राहते, पण नवरात्राचे रंग पाळते पोर! नाहीतर आपल्या पुण्यातल्या सुना...” पुढचे वाक्य गृहशांतीसाठी मी गाळतो. केशरी सदरा सापडला, सौ. इस्त्री घेऊन बसली.

“आजी, हे देवीसाठी नाही,” नात म्हणाली. मग ती मराठी शब्द शोधू लागली. तांदळातले खडे वेचावेत तसे तिला ते एकेक वेचून काढावे लागतात. “जी मुलं शाळेत गेली ना, आणि घरी परत आलीच नाहीत, त्यांच्यासाठी आहे.”

सौ.ची इस्त्री हातातल्या हातात राहिली.

मी पस्तीस वर्षे मास्तरकी केली. सकाळी शाळेत गेलेले मूल संध्याकाळी घरी येते, या एका गृहीतावर माझी सगळी नोकरी उभी होती. त्यामुळे त्या पोरीचे वाक्य मला झोपू देईना. लेकीला विचारले, तेव्हा तिने त्या सदऱ्याची हकिकत सांगितली. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात फिलिस वेबस्टॅड नावाच्या बाई आहेत, तिथल्या मूळ रहिवाशांपैकी. १९७३ साली त्या सहा वर्षांच्या असताना त्यांना निवासी शाळेत धाडले. आजीने पदराला खार लावून नातीला नवा, झगझगीत केशरी सदरा घेऊन दिला. शाळेत पोहोचताच तो अंगावरून काढून घेतला, तो पुन्हा कधी मिळाला नाही. एवढीच गोष्ट. चाळीस वर्षांनी, २०१३ साली, त्यांनी ती चारचौघांत सांगितली आणि केशरी सदऱ्याचा दिवस सुरू झाला. २०२१ पासून कॅनडा सरकारने ३० सप्टेंबर हा सत्य आणि समेट यांचा राष्ट्रीय दिवस ठरवला आहे.

सौ.ने सगळे ऐकले. दुसऱ्या दिवशी नात शाळेला निघाली, तेव्हा हिने स्वतःही ठेवणीतले केशरी पातळ नेसले. “आजीनं घेतलेलं होतं हो ते,” एवढेच म्हणाली.

पुढच्या शनिवारी जावयांनी सहलीचा बेत काढला. “बाबा, तुम्हांला ब्रँटफर्डला नेतो. ग्रॅहॅम बेलचं घर आहे तिथे.” बेलचा धडा मी किती वर्षे शिकवला असेन! लेक हळूच म्हणाली, “आणि त्याच गावात तशी एक शाळाही आहे. इमारत तशीच राखली आहे. पाहायची का?”

मिसिसागाहून ब्रँटफर्ड सव्वा तासाच्या अंतरावर. ऑक्टोबरचे पहिले दिवस होते. रस्त्याकडेच्या मेपलच्या झाडांना पिवळे, नारिंगी, लाल असे नाना रंग चढू लागले होते. आपल्याकडे पळस पेटतो तो उन्हाळ्याच्या तोंडाशी, इथे झाडे पेटतात ती थंडीच्या तोंडाशी. डब्यात थालीपीठ होते, मागच्या बाकावर नात होती, आणि तिची आजी तिला ‘ट्री’ला झाड आणि ‘लीफ’ला पान म्हणायला लावत होती. पोरगी कंटाळून कानाला यंत्रे लावून बसली, तेव्हा सौ.ने सुस्कारा टाकला. “पुढच्या पिढीत काही राहणार नाही बघा मराठी.”

ग्रँड नदीच्या वरच्या अंगाला, उंचवट्यावर बेलचे घर आहे. टुमदार, पांढरे, व्हरांड्याचे. मूळचे स्कॉटलंडचे हे कुटुंब १८७० साली इथे आले. १८७४ च्या उन्हाळ्यात तारेतून माणसाचा आवाज नेण्याची कल्पना बेलला इथेच सुचली आणि १० ऑगस्ट १८७६ रोजी ब्रँटफर्डहून जवळच्या पॅरिस नावाच्या गावी आवाज गेला. पॅरिस म्हणजे ते फ्रान्समधले नव्हे. तिथल्या एका जोडेवाल्याच्या दुकानात कान लावून मंडळी बसली होती, आणि मैलोगणती लांबून बोलणे ऐकू आले!

त्याच घरी मला एक नवी गोष्ट कळली. बेलचा खरा धंदा विजेचा नव्हे, उच्चारांचा. आई जवळजवळ बहिरी, वडील उच्चारशास्त्राचे पंडित. कोणत्याही भाषेतला कोणताही ध्वनी लिहून दाखवता येईल अशी एक चिन्हांची लिपी वडिलांनी रचली होती. तरुण बेल नदीपलीकडच्या मोहॉक लोकांकडे गेला, त्यांची भाषा कान देऊन ऐकली, आणि तिचे शब्द या लिपीत उतरवून घेतले. मोहॉकांना इतका आनंद झाला, की त्यांनी त्याला आपला मानाचा सरदार केले. तो त्यांचे नृत्यही शिकला म्हणतात.

हे ऐकून मी खूश झालो. एक जाणता परका माणूस येतो, आपली भाषा आदराने ऐकतो, याहून मोठा पाहुणचार कोणता? मग गाडीत बसलो आणि दहा मिनिटांत त्या शाळेच्या दारात उतरलो.

इथे थोडा इतिहास सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा, सेनेका आणि टस्करोरा अशा सहा राष्ट्रांचा संघ पूर्वी न्यूयॉर्ककडच्या मुलखात होता. आपापसांत पंचायतीने कारभार करणारी, मका, घेवडा आणि भोपळा एकाच वाफ्यात लावणारी ही माणसे. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात त्यांतल्या पुष्कळांनी इंग्रजांची बाजू घेतली, इंग्रज हरले आणि यांचा मुलूख गेला. बदल्यात १७८४ साली इंग्रजांनी त्यांना ग्रँड नदीच्या दोन्ही तीरांवरची सहा-सहा मैल जमीन लिहून दिली, सुमारे साडेनऊ लाख एकर. त्यांचा पुढारी जोसेफ ब्रँट. नदी उतरायची त्याची पाणवाट, इंग्रजीत ‘फोर्ड’, म्हणून गावाचे नाव ब्रँटफर्ड. आज त्या साडेनऊ लाखांपैकी पाच टक्क्यांहूनही कमी जमीन सहा राष्ट्रांकडे उरली आहे. बाकीचीचा हिशेब मागणारा दावा त्यांनी १९९५ साली लावला. आपल्याकडच्या कुळकज्ज्यांचे कागद ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना अधिक सांगायला नको.

शाळेचे नाव मोहॉक इन्स्टिट्यूट. एका इंग्लिश मिशनरी कंपनीने ती काढली. १८३१ पासून तिथे मुले मुक्कामाला ठेवू लागले आणि ती बंद झाली १९७० साली. लाल विटांची तिमजली भव्य इमारत, दर्शनी पांढरे खांब, वर चढायला प्रशस्त पायऱ्या. दुरून एखाद्या संस्थानिकाचा वाडा वाटावा. मनात आले, अशी इमारत आमच्या शाळेला मिळती, तर!

आम्हांला दाखवायला ज्या बाई आल्या त्या सहा राष्ट्रांपैकीच, साठीच्या घरातल्या. केसांची वेणी, मानेपाशी मण्यांची नक्षी, आवाज शांत. त्यांनी विचारले, “कुठून आलात?” मी म्हणालो, “इंडिया.” त्या हसल्या. “म्हणजे खरे इंडियन तुम्ही! तुमच्या नावावर आमचं किती वर्षं चाललं!” गंमत म्हणून आम्हीही हसलो. पण पुढे भिंतीवरचे जुने कागद पाहताना ते हसू ओसरले. कोलंबस वाट चुकला, म्हणून हे ‘इंडियन’, आणि त्यांना बांधणारा कायदा ‘इंडियन ॲक्ट’, साल १८७६. ज्या वर्षी या गावातून माणसाचा आवाज तारेवरून गेला, नेमके तेच वर्ष.

“या शाळेला मुलं काय म्हणायची ठाऊक आहे? ‘मश होल’,” बाई म्हणाल्या. मश म्हणजे ओट नावाच्या धान्याची पातळ पेज. पेजेचा खड्डा म्हणा हवे तर. सकाळी पेज, पुष्कळदा पुन्हा पेज. शाळेची स्वतःची मोठी शेती होती, गाई होत्या, कोंबड्या होत्या. राबत मुलेच. किती पिढ्या अर्धा दिवस वर्ग आणि अर्धा दिवस काम असा शिरस्ता होता. दूध आणि अंडी गावात विकायला जात, मुलांच्या ताटात पेज. मागे सफरचंदांची बाग होती. त्यातले फळ तोडले तर मार. आमची सौ. त्या भोजनगृहात बराच वेळ उभी होती. ज्या बाईने जन्मभर दारच्या पोरांना ‘जेवलास का रे’ विचारले, तिला त्या खोलीत दुसरे काही पाहण्यासारखे नव्हते.

आल्याबरोबर मुलांचे केस कापत, अंगावरचे कपडे काढून घेत, आणि नावाऐवजी नंबर देत. मुलगे एका बाजूला, मुली दुसऱ्या बाजूला. सख्खी भावंडे एका छपराखाली राहत आणि त्यांना एकमेकांशी बोलता येत नसे. आपली भाषा बोलेल त्याला शिक्षा.

यातले काही मुकाट्याने सोसले गेले असे समजू नका. १९०३ साली मुलांनीच शाळेला आग लावली. आज दिसते ती इमारत त्यानंतरची, १९०४ ची. पळून जाणारी मुले तर कायमचीच. टॉम लाँगबोट हे नाव धावण्याच्या शर्यतींचा नाद असणाऱ्यांना ठाऊक असेल. १९०७ ची बोस्टन मॅरेथॉन जिंकणारा हा मुलगा सहा राष्ट्रांचा, आणि याच शाळेतून पळालेला. एकदा पकडून आणला, तर दुसऱ्यांदा पळाला तो थेट काकाच्या शेतावर. पुढे नाव झाल्यावर शाळेने भाषणाला बोलावले, तेव्हा माझे कुत्रेसुद्धा मी तिथे धाडणार नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले म्हणून सांगतात. १९१४ साली दोन पळालेल्या मुलींना कोंडून ठेवल्याबद्दल आणि त्यांतल्या एकीला चाबकाने मारल्याबद्दल ब्रँटफर्डच्या न्यायालयाने मुख्याध्यापकाला चारशे डॉलर भरायला लावले. म्हणजे कोणाला काही माहीत नव्हते, ही सबब चालायची नाही.

याहून मोठा साक्षीदार याच पंचक्रोशीतला. डॉ. पीटर ब्राइस यांचा जन्म ब्रँटफर्डशेजारच्या माउंट प्लेझंट गावचा. सरकारी डॉक्टर म्हणून त्यांनी पश्चिमेकडच्या निवासी शाळा तपासल्या आणि १९०७ साली अहवाल दिला. क्षयाने मुले भराभर मरत होती, ज्या शाळांनी हिशेब दिला त्यांत जवळजवळ चारांतले एक मूल दगावले होते. सरकारने अहवाल बासनात ठेवला. निवृत्तीनंतर, १९२२ साली, ब्राइस यांनी पदरमोड करून पुस्तिका छापली आणि या प्रकाराला राष्ट्रीय गुन्हा म्हटले. त्याआधी दोनच वर्षे, १९२० साली, कायदा आणखी कडक करून अशा शाळांत मुले धाडणे सक्तीचे केले गेले होते. ते खाते चालवणारा अंमलदार डंकन कॅम्पबेल स्कॉट हा कॅनडाचा एक नावाजलेला कवी. देशात वेगळा ‘इंडियन’ म्हणून कोणी उरू नये, हा आपला हेतू त्याने उघड बोलून दाखवला होता. कवीचे मन मऊ असते असे आपण मुलांना शिकवतो. ते वाक्य मी यापुढे जपून वापरीन.

सबंध कॅनडात मिळून सुमारे दीड लाख मुले या शाळांतून गेली. शेवटची शाळा बंद झाली ती विसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस. मेलेल्या मुलांच्या स्मृतिवहीत चार हजारांहून अधिक नावे चढली आहेत आणि शोध संपलेला नाही. २०२१ साली ब्रिटिश कोलंबियातील कॅमलूप्सच्या शाळेजवळ जमिनीखालचे टिपणाऱ्या यंत्राने सुमारे दोनशे जागी कबरी असाव्यात असे दाखवले, तेव्हा सगळा देश खडबडून जागा झाला. इमारतींच्या दारांत, पायऱ्यांवर, लोकांनी लहान मुलांचे जोडे आणून ठेवले.

वरच्या मजल्यावर निजायच्या खोलीत बाई खिडकीशी थांबल्या. त्या म्हणाल्या, “माझी आई इथे आली तेव्हा सहा वर्षांची होती. आली ती आमची भाषा घेऊन, गेली ती तिच्याशिवाय. आम्हां भावंडांशी तिनं भाषेतला एक शब्द उच्चारला नाही. आम्हांला मार बसेल अशी तिला भीती वाटायची. मार देणारे मेले तरी.”

“मग तुम्ही?” मी विचारले.

“मी पन्नाशीत शिकले. शाळेत जाऊन. लहान मुलासारखी.” त्यांच्या गावी आता मोठ्या माणसांना दिवसभर मोहॉक भाषेतच बोलायला लावून शिकवणारी शाळा आहे, लहान मुलांसाठी मोहॉक आणि कायुगा भाषांचे वर्ग आहेत.

मी मराठीचा मास्तर. भाषेचे नाव निघाले, की माझी चौकशी थांबत नाही. तेव्हा त्यांनी जे सांगितले ते ऐकून मी चकित झालो. मोहॉक भाषेत ओठ मिटावे लागतील असा ध्वनीच नाही! प नाही, ब नाही, म नाही. आपल्या वर्णमालेतला सबंध पवर्ग त्यांच्याकडे नाही. ‘मोहॉक’ हे नावही त्यांचे नव्हे, शेजाऱ्यांनी चिकटवलेले. त्यात ‘म’ आहे यावरूनच ते ओळखावे. जगात बहुतेक लेकरे ‘मामा’, ‘बाबा’ म्हणून बोलायला लागतात, ही मात्र आईला ‘इस्ता’ म्हणतात.

“म्हणून बघा,” त्या आमच्या नातीला म्हणाल्या. पोरीने कानातली यंत्रे काढली. “इस्ता.” मग तिने आपण होऊन जोडले, “आई. आजी, आईमध्ये पण ओठ मिटत नाहीत!” आणि खरेच की! पस्तीस वर्षे मी वर्णमाला शिकवली, पण हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

मी कौतुकाने म्हणालो, “म्हणजे ओठ न मिटता बोलायची भाषा!”

“हो,” बाई म्हणाल्या, “म्हणून इथं ते आमचे ओठच मिटवत.” आणि त्यांनी सहज, दाखवण्यापुरते, आपल्या ओठांवर बोट ठेवले.

ते बोट पाहिले, आणि मी त्या खोलीत उभा असलेला एकदम पन्नास वर्षे मागे गेलो.

माझी पहिली नोकरी ठाणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातल्या एका निवासी शाळेत. गावाचे आणि शाळेचे नाव सांगत नाही. बी. एड. करून नुकताच बाहेर पडलेलो, ध्येयवादाने फुगलेलो. वर्गात बहुतेक वारली मुले. एकदा चित्र दाखवून मी वस्तूचे नाव विचारले. मागच्या बाकावरचा दहा वर्षांचा मुलगा हौसेने उठला आणि त्याने आपल्या बोलीतला शब्द सांगितला. दोन-तीन मुले हसली. मी म्हणालो, “शुद्ध बोल.” तो पुन्हा तेच बोलला. त्याला तेच शुद्ध वाटत होते. मग मी म्हणालो, ते तुम्ही-आम्ही सर्वांनी ऐकलेले आहे: हाताची घडी, तोंडावर बोट! नुसते म्हणालो नाही, शाळा सुटेपर्यंत त्याला तसा भिंतीशी उभा केला. दुसऱ्या दिवशीही तो शब्द तोंडातून गेला, दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तो वसतिगृहातून डोंगर तुडवत घरी निघून गेला. मी पटावर चार-सहा वेळा गैरहजेरी मांडली आणि महिनाअखेरीस तांबड्या शाईने शेरा मारला, ‘नाव कमी केले’.

आमच्या शाळेत कोणी मुले हिसकावून आणली नव्हती, तिथे कबरी नाहीत, आणि दीडशे वर्षांच्या सरकारी गुन्ह्याच्या पंक्तीला माझी मास्तरकी बसवली, तर तो या लोकांच्या दुःखाचा अपमान होईल. ते मी करीत नाही. पण तोंडावरचे बोट तेच होते. आणि तो शब्द कोणता होता, हे मला आज आठवत नाही. ते मला सगळ्यांत जास्त लागते. त्याने दोनदा सांगितला होता.

खाली येऊन आम्ही इमारतीच्या मागच्या बाजूला गेलो. तिथल्या विटांवर मुलांनी खिळ्याने, दगडाने आपली नावे कोरून ठेवली आहेत. ज्यांना नंबर दिले होते, त्यांनी नावे लिहिली. २०१३ साली छप्पर गळू लागले, तेव्हा ही इमारत पाडावी की राखावी असा प्रश्न सहा राष्ट्रांच्या लोकांपुढे आला. मला वाटले असते, नांगर फिरवा म्हणतील. पण शंभरांतल्या अठ्ठ्याण्णव जणांनी राखा म्हणून सांगितले. पुरावा गेला, की उद्या कोणी म्हणेल, असे काही झालेच नव्हते. त्यांनी निधी गोळा केला, वर्षानुवर्षे डागडुजी केली, आणि २०२५ च्या ३० सप्टेंबरला, म्हणजे आमच्या अष्टमीला, दारे लोकांसाठी उघडली.

समेट हा शब्द आपण फार स्वस्त करून ठेवला आहे. दोन भाऊ भांडले, मामा मध्ये पडले, चहा झाला, की समेट झाला. इथे तसे नाही. चर्चने १९९३ साली माफी मागितली. याच शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी १९९८ साली सरकारवर दावा लावला. असे दावे साचत गेले, तेव्हा २००६ साली सरकारने नुकसानभरपाईचा करार केला आणि २००८ च्या ११ जूनला पंतप्रधान हार्पर यांनी संसदेत उभे राहून क्षमा मागितली. मग सत्य व समेट आयोग बसला. अध्यक्ष न्यायमूर्ती मरी सिंक्लेअर, स्वतः मूळ रहिवाशांपैकी. आयोगाने गावोगाव फिरून साडेसहा हजारांवर माणसांचे म्हणणे नुसते ऐकून घेतले. २०१५ साली अहवाल आला, त्यात या प्रकाराला सांस्कृतिक वंशसंहार म्हटले आणि काय करायचे याच्या ९४ गोष्टी लिहून दिल्या. शिक्षणाने हे घडवले, शिक्षणानेच ते निस्तरावे लागेल, असे सिंक्लेअर सांगत. त्या ९४ पैकी पुष्कळ अजून व्हायच्या आहेत. आयोगाच्या नावात आधी सत्य आहे आणि मग समेट, हे मात्र कोणी विसरू नये. आपली घाई नेहमी दुसऱ्या शब्दाची असते.

शेवटी बाईंनी मण्यांच्या एका पट्ट्याविषयी सांगितले. पांढऱ्या पार्श्वभूमीवर दोन जांभळ्या रेघा, शेजारी शेजारी, कुठेही एकमेकींना न छेदणाऱ्या. एक रेघ यांच्या होडीची, दुसरी गोऱ्यांच्या गलबताची. नदी एक, पण कोणी कोणाचे सुकाणू धरायचे नाही, असा तो जुना करार. समेट म्हणजे एकमेकांत विरघळणे नव्हे, असा त्याचा अर्थ मी घेतला.

निघताना त्यांनी विचारले, “तुम्ही काय करत होता?” आयुष्यात पहिल्यांदा ‘शिक्षक’ म्हणताना माझी जीभ अडखळली. आणि मग, का कोण जाणे, मी त्या मुलाची हकिकत त्यांना सांगून टाकली. त्या क्षमेचे काहीतरी बोलतील असे मनात कुठेतरी होते. माणूस परगावी पाप सांगतो ते त्यासाठीच.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाल्या, “हे तुम्ही मला सांगितलंत. त्याला सांगितलंत का?”

परतीच्या वाटेवर गाडीत कोणी फारसे बोलले नाही. नात खिडकीतून बाहेर पाहत एकदम म्हणाली, “आजी, झाड. लाल झाड.” सौ.ने तिला जवळ घेतले. मग हलक्या आवाजात मला म्हणाली, “सकाळी मी उगीच कुरकुरले. आपलं आपण हातानं सोडतोय, ते उद्या हातानं धरता येईल. यांचं हिसकावून घेतलं होतं.”

पुण्याला परतल्यावर मी त्या शाळेला पत्र घातले. दोन महिने उत्तर नव्हते. मग तिथल्या कारकुनाने, देव त्याचे भले करो, जुने पट धुंडाळून कळवले: नाव सापडले, गाव तेच, माणूस तिथेच राहतो, आता नातवंडे आहेत, त्यांतली दोन याच शाळेत येतात. तांबड्या शाईचा शेराही तसाच आहे.

भाऊबीज झाली की जायचे ठरवले आहे. काय बोलायचे ते मी चार वेळा लिहून काढले, चार वेळा फाडले. सौ. बरोबर येते म्हणाली. तिने फराळाचा डबा वेगळा काढून ठेवला आहे आणि मला एक सूचनाही दिली आहे.

“अहो, तिथं गेल्यावर माफीचे दोन शब्द बोला आणि थांबा. व्याख्यान देऊ नका. तो काय म्हणेल ते ऐका. काही म्हणाला नाही, तरी ऐका.”

म्हणजे एकूण हाताची घडी, तोंडावर बोट. या खेपेला माझ्या.